कबूल केलेला ससा

ससा पाळायचा की नाही, हे लोक कसं ठरवतात मला माहीत नाही. बहुधा मुलं बाजारात पिंजऱ्यापुढं बसकण मारतात, आई नाही म्हणते, बाप खिशात हात घालतो आणि ससा घरी येतो. माझ्या बाबतीत ते गोदावरीच्या काठावर एका कावळ्यानं ठरवलं. मी तेव्हा फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होते. शहरात बेगमपुऱ्यात वरच्या मजल्यावर एक खोली घेऊन एकटी राहत होते. दिवसभर कॉलेज, संध्याकाळी एका मेडिकलच्या काउंटरवर काम, त्यानंतर पुढच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास. सकाळी केलेला चहा प्यायची आठवण तो गार झाल्यावर व्हायची. अशा बाईनं कुंडीत तुळससुद्धा लावू नये, ससा तर दूरच राहिला.

बाबा दिवाळी झाल्यावर गेले. आमचं घर गंगापूरला, आणि बाबा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाची गाडी काट्यावर चढली की खिडकीतून आकडा बघायचा, पावती फाडायची, पुढची गाडी. तिथं बोलायला वेळ नसायचा आणि घरी येईपर्यंत बोलायची सवय राहिलेली नसायची. त्या दिवशी छातीत दुखतंय म्हणाले. त्यांना जीपमध्ये घालून घरचे शहराकडं निघाले, तर वाळूजपाशीच सगळं संपलं. मला फोन आला तेव्हा मी प्रॅक्टिकलला उभी होते. सरांना सांगितलं, ॲप्रन घडी करून पिशवीत ठेवला आणि स्टँडवर गेले. घडी अगदी नीट घातली होती. हे मला आजही आठवतं आणि आवडत नाही.

मला रडू आलं नाही. आमच्याकडं मयताच्या घरी बायका दारातूनच हंबरडा फोडत येतात आणि घरातल्या बाईच्या गळ्यात पडतात. मग दोघी मिळून रडतात, गेलेल्याचे गुण सांगत. माझ्या गळ्यात पडलेल्या बायकांना एकट्यांनाच रडावं लागलं. मी त्यांच्या पाठीवर थोपटत राहिले, त्यांचंच माणूस गेल्यासारखी. चुलती येईल त्या बाईला सांगत होती की पोरीला रडवा, नायतर डोक्यात जाईल. एकीनं तर माझ्या दंडाला चिमटाही काढून बघितला. आम्हाला कॉलेजात एक प्रयोग असतो. सशाच्या डोळ्यात भुलीच्या औषधाचे थेंब टाकायचे आणि कापसाच्या टोकानं डोळ्याला हळूच स्पर्श करायचा. औषध लागू झालेलं असलं की पापणी मिटत नाही. आपलंही तसंच झालंय, असं मी स्वतःला सांगितलं आणि औषध उतरायची वाट बघत बसले. ते काही उतरेना.

दहाव्याला आम्ही कायगावला नदीवर गेलो. आई आली नाही. आमच्या घरात नवऱ्याच्या दहाव्याला बाईनं काठावर जायचं नसतं. मी एकुलती एक, म्हणून मला नेलं होतं. चुलत्यांनी पिंड मांडला, भटजींचं म्हणून झालं आणि सगळे मागं सरून उभे राहिले. कावळे समोरच्या बाभळीवर भरपूर होते, पण एकही खाली येईना. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कशात अडकलाय ते जमलेल्यांनी ओळखायचं आणि हात जोडून तसा शब्द द्यायचा.

चुलते म्हणाले, पोरीचं लग्न थाटात करू. कावळे बाभळीवरच. मग म्हणाले, वहिनींना अंतर देणार नाही. तरी काही नाही. बांधाच्या भांडणात मी माघार घेतो, हे त्यांनी जरा जड जिभेनं म्हटलं, कारण ते भांडण त्यांचंच होतं. कावळ्यांना त्यातही रस दिसला नाही. एक आत्तेभाऊ पुढं होऊन म्हणाला की हिचं शिक्षण तुटू देणार नाही. ऊन चढत चाललं होतं. भटजींना आणखी एका दहाव्याला जायचं होतं, त्यामुळं ते दर्भाचा कावळा करून उरकून घेऊ म्हणायला लागले. आपल्या भावाच्या नशिबी गवताचा कावळा येणार, म्हणून चुलत्यांचा चेहरा पडला. तेवढ्यात मागून आमच्या शेजारचे काका बोलले, "ससा बघा की. त्यांचा लई जीव व्हता सशावर."

ते खरं होतं. मी शिकायला शहरात गेले त्या वर्षी बाबांनी बाजारातून एक ससा आणला होता. पांढरा, एका डोळ्याभोवती राखाडी डाग. सुट्टीत घरी जावं तर बाबा ओट्यावर बसलेले असायचे, मांडीवर ससा, आणि त्यांचा तो पावत्या फाडणारा हात सशाच्या पाठीवरून सावकाश फिरत असायचा. माझ्या डोक्यावरून तो हात कधी फिरल्याचं मला आठवत नाही. मी दहावीला शाळेत पहिली आले तेव्हा त्यांनी मला घड्याळ घेतलं होतं. ते टेबलावर ठेवून कामावर गेले. मला त्या सशाचा राग यायचा आणि एका जनावराचा राग येतो म्हणून स्वतःचाही यायचा. गल्लीत सगळ्यांना तो ससा बाबांचा म्हणूनच माहीत होता. घरात कोण काय करतं ते कुणी बघायला येत नाही; ओट्यावर जे दिसतं तेवढंच गाव धरून चालतं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. चुलते म्हणाले, "बोल माय, तूच बोल."

मी म्हणाले, "बाबा, ससा मी सांभाळीन."

कावळा आला. बाभळीवरून निघाला तो सरळ पिंडावरच बसला, मागून आणखी दोन आले. चुलते ओक्साबोक्शी रडले. मागची माणसं हळहळली, बघा, माणसाचा जीव कशात असतो. माझ्या मनात आलं की कावळ्याला एव्हाना भूक लागली असेल. आणि त्याच्या पाठोपाठ हेही आलं की गेल्यावरसुद्धा बाबांना मी आठवले नाही, ससा आठवला.

घरी येऊन चुलत्यांनी आईला सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली होती. ऐकून घेतलं, काही बोलली नाही. तेरावा झाल्यावर मी निघाले तेव्हा तिनं वेताची टोपली काढली, आत आपल्या जुन्या साडीचा तुकडा अंथरला, ससा ठेवला आणि वरून दुसरा तुकडा बांधला. कोथिंबिरीची जुडी दिली. मेथी जास्त घालू नको, पोट फुगतं, एवढंच सांगितलं आणि आत गेली. तिला निरोप द्यायला दारापर्यंत यायचं नाही, असं मी समजले, आणि मलाही ते बरंच वाटलं.

माझी घरमालकीण म्हणजे उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. नवरा कधीचाच गेलेला, मुलगा बाहेरदेशी. आम्ही भाडेकरू मुली त्यांना खाला म्हणायचो. मी टोपली घेऊन जिना चढायला लागले तशी त्यांनी थांबवलं. कापड बाजूला करून आत डोकावल्या. "बकरी तो नै ना?" म्हणाल्या. "फिर रख ले." त्यांच्या आधीच्या एका भाडेकरूनं बकरी आणली होती म्हणे. तेव्हापासून त्यांची सहनशक्ती बकरीच्या खाली सगळं चालेल इथवर आली होती.

सशाचं करणं सोपं असतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. म्हणजे अवघड असं त्यात एकही काम नाही, पण ती सगळी रोज असतात. लेंड्या झाडायच्या, लसूणघासाची पेंढी आणायची, पाणी बदलायचं, टोपली धुवायची. आमच्या भागात नळाला पाणी एक-दोन दिवसांआड यायचं, त्यामुळं त्याची टोपली धुतली की माझे कपडे राहायचे. त्यानं माझ्या पुस्तकांचे कोपरे खाल्ले, चार्जरची वायर खाल्ली, मच्छरदाणीला भोक पाडलं. मी ओरडले नाही. मला ओरडावंसं वाटलंच नाही. कॉलेजात शिकवलं होतं तसं मी त्याला उचलायची, एक हात मानेच्या कातडीला, एक हात खालून. हातात घेतला की वजनाचा अंदाज यायचा, कानातली शीर कुठून जाते ते दिसायचं. बाकी मला काही जाणवायचं नाही. तोही मला भ्यायचा. खाली ठेवला की मागचा पाय फरशीवर आपटायचा आणि खाटेखालच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा.

एकदा पाणी भरताना खाला म्हणाल्या की तू ह्याला सांभाळतेस बेटा, पण ह्याच्यापाशी बसत नाहीस. मी म्हणाले, वेळ कुठं आहे. ते काही खोटं नव्हतं. त्या मान हलवून पुढची बादली नळाखाली सरकवायला लागल्या.

आईचा फोन रोज संध्याकाळी यायचा, मी काउंटरवर असताना. पहिला प्रश्न ठरलेला, खाल्लं का त्यानं? मी जेवले का, हे त्याच्यानंतर, आणि कधी तर नाहीच. मला वाटायचं, दिलेला शब्द मी पाळते की नाही ते ती तपासतेय. कावळ्याची मुकादम, असं मी मनातल्या मनात म्हणायची. खाल्लं गं, म्हणायची आणि गिऱ्हाइकाकडं वळायची. घरी मात्र मी गेले नाही. संक्रांत गेली, शिवरात्र गेली, होळी गेली. परीक्षा आहे म्हणून सांगत राहिले. परीक्षा होतीच, पण त्याहून खरं हे होतं की मला तो ओटा रिकामा बघायचा नव्हता.

मग मी रीतसर विचार करायला बसले. हा ससा माझ्या आयुष्यात बसतो का? कुठूनही बघितलं तरी बसत नव्हता. मी सकाळी जायची ती दिवे लागल्यावर यायची. परीक्षा झाल्यावर कुठल्या गावी प्रवेश मिळेल ते माहीत नव्हतं, आणि हॉस्टेलात सशासकट कोण घेतंय? खोलीत त्याला पळायला जागा नाही, दिवसभर बघायला माणूस नाही. एखाद्या मैत्रिणीनं विचारलं असतं तर मी तिला एका दमात सांगितलं असतं की बाई, हा नाद सोड, स्वतःचेही हाल करशील आणि मुक्या जिवाचेही. पण मैत्रिणीनं कावळ्यापुढं शब्द दिलेला नव्हता. शब्द मोडला तर बाबांचा जीव पुन्हा अडकेल, यावर माझा विश्वास होता का? नव्हता. तरी मी तो मोडत नव्हते. विज्ञान शिकणाऱ्या मुलीनं कावळ्याला भ्यावं याची लाज वाटायची, पण लाज वाटून भीती जात नसते.

एप्रिल लागला. लोडशेडिंग भर दुपारचं होतं आणि वरचा स्लॅब असा तापायचा की संध्याकाळी भिंतीला हात लावला तरी चटका बसायचा. एका दुपारी जर्नल विसरलं म्हणून मी परत आले. ससा फरशीवर लांब होऊन पडला होता, तोंडाभोवतीचे केस ओले, कान नुसते पेटलेले. मी माठातलं पाणी घेऊन त्याच्या कानांना लावलं. वाळलं की पुन्हा लावलं. असं किती वेळ चाललं सांगता येत नाही, पण शेवटी कान निवले आणि तो अंग गोळा करून बसला. मी हात पुसले, जर्नल घेतलं आणि कॉलेजात गेले.

रस्त्यात माझ्या लक्षात आलं की तो मेला असता तर आईला काय सांगायचं, एवढाच विचार सगळा वेळ माझ्या डोक्यात होता. त्याच्याविषयी आत काहीच हललं नव्हतं. बाबांनी मागं ठेवलेली एकुलती एक मऊ गोष्ट माझ्यादेखत चालली होती आणि मी नळ दुरुस्त करावा तशी ती दुरुस्त करून निघाले होते. मला माझीच भीती वाटली. पुढच्या वेळी जर्नल विसरलं नाही तर ससा जाणार, हे तर उघडच होतं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या शिपाई मामांशी बोलले. प्रयोगाच्या जनावरांची खोली त्यांच्याकडं असायची. ते म्हणाले, आणा की इथं. दाणापाणी वेळेवर, पंखा जनरेटरवर, आणि नाहीतरी खालच्या वर्गाच्या प्रॅक्टिकलला एक ससा कमीच पडतोय. "डोळ्यात थेंबच टाकतात मॅडम, कुणी मारत थोडंच हाय." त्यात वाईट काही नव्हतं. ते थेंब मी स्वतः टाकले होते. उलट मला ते सोयीचंच वाटलं. ससा गारव्यात राहील, येताजाता माझी नजर राहील, शब्द मोडल्यासारखंही होणार नाही. अभ्यास करणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगला तोडगा मिळणार नाही, असं मी ठरवून टाकलं.

शनिवारी सकाळचं कॉलेज होतं. मी टोपली घेऊनच गेले. त्या खोलीत लोखंडी पिंजऱ्यांची रांग होती आणि एकेका पिंजऱ्यात एकेक पांढरा ससा, सगळे सारखे. मामांनी रिकामा पिंजरा पुसला आणि ओळखीसाठी प्रत्येकाच्या पाठीवर लावतात त्या पिवळ्या औषधाची बाटली काढली. मी साडीचा तुकडा सोडला तेवढ्यात फोन वाजला. आईचा. ती सकाळची कधी करत नसे.

"आज ऊन लई निघालंय," ती म्हणाली. "टोपलीवर वल्लं फडकं घाल. कानाला पाणी लावत जा. बर्फ नको लावू."

मी विचारलं, "बाबा लावायचे?"

"ते कुठं लावतात. मी लावायचे." मग म्हणाली, "खाल्लं का त्यानं?"

इतक्या महिन्यांत मी तो प्रश्न रोज ऐकला होता. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला. त्यात तपासणी नव्हती. मी शिकायला गेले त्या पहिल्या वर्षी ती मला अशा आवाजात विचारायची, जेवलीस का म्हणून. मी फोन ठेवला. मामा बाटलीचं बूच काढून थांबले होते. राहू द्या मामा, म्हणाले, आणि टोपलीवर कापड पुन्हा बांधलं. त्यांना वाईट वाटलं असावं, त्यांनी पिंजरा पुसला होता.

तिथून सरळ स्टँडवर गेले आणि गंगापूरची एसटी धरली. कंडक्टरनं टोपलीत काय आहे विचारलं. ससा म्हटल्यावर तो बराच वेळ विचारात पडला. कोंबडी असली तर काय करायचं ते त्याला माहीत होतं, बोकड असला तरी माहीत होतं, सशाचं काही ठरलेलं दिसत नव्हतं. शेवटी मांडीवर घेऊन बसा, म्हणाला. वाळूज मागं पडेपर्यंत मी खिडकीबाहेर बघितलं नाही.

ओटा रिकामा होता. आई आत स्वयंपाकघरात होती. वाळली होती. मला बघून तिनं आधी माझ्याकडं आणि लगेच टोपलीकडं बघितलं. चुलीशेजारच्या कोपऱ्यात पोतं अंथरलेलं होतं आणि त्याच्यापाशी जर्मनची वाटी, स्वच्छ पाण्यानं भरलेली. घरात मांजर नव्हतं, कोंबड्या नव्हत्या. मी टोपली उघडली. ससा बाहेर आला, क्षणभर थबकला आणि सरळ आईच्या पायाशी जाऊन तिच्या पावलावर हनुवटी टेकवून बसला. तो कुणाकडं आपणहून जातो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

मी म्हणाले, "आई, मला नाही जमत हे." आणि मग उन्हाचं, लोडशेडिंगचं, त्या दुपारचं, पिंजऱ्याचंसुद्धा, सगळं सांगितलं. ती खाली बसली होती. ससा मांडीवर घेतला होता. माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "शब्द दिलायस तू त्यांना. न्यायला तर लागंल."

हे ती म्हणत होती आणि तिचा हात त्याच्या पाठीवरून फिरत होता. तो हात मी ओळखला. तसाच, तितकाच सावकाश. मी विचारलं, "आई, हा ससा कुणाचा आहे?"

"माझा," ती म्हणाली. "तू शिकायला गेलीस तवा मला घास जाईना. घरात बोलायला माणूस नाय. मग ह्यांनी आणून दिला. म्हणले, पोरीच्या जागी सांभाळ."

मग तेव्हा का बोलली नाहीस, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, मेलेल्या माणसाला शब्द गेला म्हटल्यावर मधी काय बोलणार, आणि मला विचारलं तरी कुणी? खरंच, कुणी विचारलं नव्हतं. नदीवर आम्ही लग्नापासून बांधापर्यंत सगळं धुंडाळलं, कावळ्याची मनधरणी केली, आणि जिला माहीत होतं ती घरात भिंतीला टेकून बसली होती. आम्ही तिचाच ससा बाबांच्या नावानं कबूल करून मोकळे झालो. आणि तिनं तो साडीत गुंडाळून माझ्या हातात दिला, मेथी जास्त घालू नको म्हणून.

ससा इथंच राहील, असं मी सांगितलं. तिला ते हवं होतं आणि पटतही नव्हतं. त्यांचा जीव अडकंल, असं दोनदा म्हणाली. भाकऱ्या केल्या, मला वाढलं, स्वतःही घेतली, आणि जेवताजेवता तिनंच वाट काढली. "दर शनिवारी येत जा," म्हणाली. "आठवड्याचा घास तू आणायचा, तुझ्या हातानं घालायचा. म्हंजी तूच सांभाळल्यावानी झालं." तिला ससाही हवा होता आणि मीही हवी होते. तेवढं सगळं तिनं घासाच्या पेंढीत बांधून मागितलं. मी हो म्हणाले. शनिवार कुठून काढायचा, ते मला कळत नव्हतं, पण हो म्हणाले.

ऊन उतरल्यावर ती ओट्यावर येऊन बसली, मग मीही बसले. ससा दोघींच्या मधे होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले की बाबांचा पण जीव होता ह्याच्यावर.

आई हसली. "त्यांना धरताबी येत नव्हता. मी भाकरी टाकायला बसले की त्यांच्या मांडीवर द्यायचे, तर ते लाकडावानी हात ठिवून बसायचे. मग मीच शिकवलं, असा फिरवा म्हणलं, केसाच्या कलानं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पुढं चांगलं जमायला लागलं. म्हणलं, पोरगी सुट्टीला आली की तिच्याबी डोक्यावरनं असाच फिरवा. तर म्हणायचे, आता ती मोठी झाली. हे आधी शिकायला पायजे व्हतं."

मला रडू आलं. ओट्यावर, दिवसाउजेडी, गल्लीतून माणसं जात-येत असताना, आवाज काढून. समोरची बाई दारात येऊन उभी राहिली आणि आईनं तिला हातानं आत जा म्हणून खुणावलं. ती माझ्या गळ्यात पडली नाही, मला गप्पही केलं नाही. तिनं ससा उचलून माझ्या मांडीवर दिला. मी सवयीनं त्याची मान धरायला गेले, तर तिनं माझी बोटं सोडवली, तळवा उघडा केला आणि त्याच्या कानांमागं ठेवला.

"असा," म्हणाली.